गवतातला पक्षी कोणाला म्हणावे? अमेरिकेतील एका संज्ञेचा आढावा

अमेरिकेतील पक्षिशास्त्रात 'ग्रासलँड बर्ड' म्हणजे गवताळ प्रदेशातला पक्षी. सरकारी अहवाल, संशोधनपत्रे आणि संवर्धनाचे आराखडे यांत हे एका ठरावीक यादीचे नाव असते. या यादीतले पक्षी घटले, वाढले, त्यांच्यासाठी इतके एकर जमीन राखली, अशी विधाने त्या यादीच्या आधारे होतात. दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्या हौशी निरीक्षकांच्या बोलीत गवतातल्या पक्ष्यांसाठी वेगळे शब्द आहेत. त्यांपैकी 'ग्रासपायपर' हा सर्वांत बोलका. दोन्ही शब्दांचा अर्थ वरवर उघड वाटतो. प्रत्यक्षात कोणता पक्षी आत आणि कोणता बाहेर, यावर आजही एकमत नाही, आणि या मतभेदावर जमिनीचे, पैशाचे आणि गणनेचे बरेच काही अवलंबून असते.

नावांतले गवत

इंग्रजी नावावरून पक्ष्याचा अधिवास ओळखू पाहणाऱ्याची अमेरिकेत लगेच फसगत होते. 'सॅव्हाना स्पॅरो' हा खरोखरच कुरणात राहणारा पक्षी. पण त्याच्या नावातली सॅव्हाना म्हणजे गवताळ प्रदेश नव्हे, जॉर्जिया राज्यातले सॅव्हाना शहर. अलेक्झांडर विल्सन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या नमुन्यावरून हे नाव दिले. 'माउंटन प्लोव्हर' डोंगरात घरटे करत नाही. त्याला सपाट, जवळजवळ उघडी जमीन लागते. 'मेडोलार्क' हा चंडोल नव्हेच, तो ओरिओल आणि ब्लॅकबर्ड यांच्या अमेरिकी कुळातला. उत्तर अमेरिकेतला देशी चंडोल एकच, हॉर्न्ड लार्क, आणि त्याच्या नावात गवताचा मागमूस नाही. 'ग्रासहॉपर स्पॅरो' हे नाव नाकतोड्यावरून पडले, कारण त्याचे गाणे नाकतोड्याच्या किरकिरीसारखे असते. तो नाकतोडे आवडीने खातो, ही गोष्ट वेगळी.

ज्या नावांत गवत खरोखर होते त्यांतली काही मागे पडली. आजच्या 'व्हेस्पर स्पॅरो'ला पूर्वी 'ग्रास फिंच' म्हणत. शास्त्रीय नावातल्या 'ग्रॅमिनियस' या शब्दात ते गवत अजून शिल्लक आहे. सर्वांत लांबचा प्रवास 'अपलँड सँडपायपर'च्या नावाने केला. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बार्ट्राम याच्या सन्मानार्थ त्याला आधी 'बार्ट्रामियन सँडपायपर' म्हटले जाई. पुढे 'अपलँड प्लोव्हर' हे नाव रूढ झाले आणि आल्डो लिओपोल्ड यांच्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक' या पुस्तकात तो याच नावाने भेटतो. शरीररचनेने तो प्लोव्हर नसून सँडपायपर असल्यामुळे अमेरिकन ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनने १९७३ मध्ये आजचे नाव पक्के केले. त्यामुळे वर्गीकरणाची चूक दुरुस्त झाली, पण वाळूशी फारसा संबंध नसलेल्या पक्ष्याच्या नावात वाळू येऊन बसली.

मराठी वाचकाला हा घोळ परका वाटू नये. प्लोव्हरला मराठीत चिखल्या म्हणतात. सोनचिखल्या कोरड्या माळावर उतरला तरी नावातला चिखल काही सुटत नाही. त्या मानाने माळढोक आणि माळटिटवी ही नावे पत्ता चोख सांगतात.

शिकाऱ्यांची भाषा मात्र अधिवासाच्या बाबतीत नेमकी होती. एकोणिसाव्या शतकात हे पक्षी बाजारात मांस म्हणून विकले जात, तेव्हा अपलँड सँडपायपरला 'ग्रास प्लोव्हर' आणि 'फील्ड प्लोव्हर', पेक्टोरल सँडपायपरला 'ग्रास स्नाइप' अशी नावे होती. पक्षी कुठे सापडेल हे ठाऊक असणे शिकाऱ्याच्या पोटाशी निगडित होते. तो कोणत्या कुळातला याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. पॅसेंजर पिजनचे थवे संपत आल्यावर बंदुका अपलँड प्लोव्हरकडे वळल्या. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कराराच्या कायद्याने ही शिकार थांबवली, पण एस्किमो कर्ल्यू तोवर हाताबाहेर गेला होता. वसंतात प्रेअरीच्या गवताळ मैदानांवरून उत्तरेकडे जाताना नाकतोडे आणि टोळांची अंडी खाणारा हा पक्षी १९६२ मध्ये टेक्सासातल्या गॅल्व्हेस्टनला छायाचित्रात टिपला गेला आणि १९६३ मध्ये बार्बाडोसमध्ये एक मारला गेला. त्यानंतर त्याची खात्रीलायक नोंद नाही.

यादी कशी तयार झाली

'गवताळ प्रदेशातले पक्षी' हा स्वतंत्र, मोजता येण्याजोगा गट आहे ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तिच्या मागे दोन वेगळ्या विचारधारा होत्या.

पहिली उत्क्रांतीची. रॉबर्ट मेंगेल यांनी १९७० मध्ये उत्तर अमेरिकेच्या मध्य मैदानांमुळे पक्ष्यांच्या जाती कशा वेगळ्या होत गेल्या याची मांडणी करताना १२ जाती या मैदानांच्याच म्हणून नोंदवल्या. त्यांत फेरुजिनस हॉक, माउंटन प्लोव्हर, लाँग-बिल्ड कर्ल्यू, मार्बल्ड गॉडविट, स्प्रॅग्ज पिपिट, बेअर्ड्स स्पॅरो, लार्क बंटिंग आणि दोन लाँगस्पर होते. याच यादीत विल्सन्स फॅलरोप आणि फ्रँकलिन्स गल हेही होते, म्हणजे दलदलीत घरटे करणारे दोन पाणपक्षी. मेंगेल यांच्या दृष्टीने हे विसंगत नव्हते. गवत आणि त्याच्यातली तळी मिळूनच उत्तरेकडची प्रेअरी बनते, आणि प्रश्न कोण गवतात बसतो हा नसून कोण या प्रदेशात घडला हा होता.

दुसरी विचारधारा परिसंस्थेतल्या भूमिकेची. रिचर्ड रूट यांनी १९६७ मध्ये 'गिल्ड' ही कल्पना मांडली: एकाच साधनसंपत्तीचा सारख्या रीतीने उपयोग करणाऱ्या जातींचा गट, मग त्यांचे कूळ कोणतेही असो. १९६६ मध्ये चँडलर रॉबिन्स यांच्या पुढाकाराने 'ब्रीडिंग बर्ड सर्व्हे' सुरू झाला. साडेचोवीस मैलांचा एकेक रस्ता, त्यावर अर्ध्या मैलाच्या अंतराने पन्नास थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे. मुख्यतः जून महिन्यात, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून. या नोंदी वर्षानुवर्षे साचत गेल्या तेव्हा त्यांचे गट पाडावे लागले, आणि जंगलातले, झुडपांतले, पाणथळीतले तसे गवतातले असा एक गट झाला. फ्रिट्झ नॉफ यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की इतर कोणत्याही गटापेक्षा या गटाची घट अधिक वेगाने, अधिक सातत्याने आणि अधिक विस्तृत प्रदेशात होत आहे. संज्ञेला वजन आले ते या निष्कर्षामुळे. तोवर जो वर्णनाचा शब्द होता तो धोक्याच्या घंटेचा शब्द झाला, आणि मग त्याची व्याख्या करणे टाळता येईना.

अनन्य आणि वैकल्पिक

आज सर्वाधिक उद्धृत होणारी व्याख्या पीटर व्हिकरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आहे. व्हिकरी आणि जेम्स हर्कर्ट यांनी संपादित केलेल्या पश्चिम गोलार्धातील गवताळ पक्ष्यांवरच्या खंडात, १९९९ मध्ये, ती आली. त्यांनी दोन वर्ग केले. जे पक्षी गवताळ अधिवासाशीच जुळलेले आहेत, त्यावरच पूर्णतः अवलंबून आहेत आणि दुसऱ्या अधिवासाचा जवळजवळ उपयोग करत नाहीत ते 'ऑब्लिगेट', म्हणजे अनन्य. जे गवताचा उपयोग करतात, पण इतरही अनेक अधिवासांबरोबर, ते 'फॅकल्टेटिव्ह', म्हणजे वैकल्पिक. ग्रासहॉपर स्पॅरो, हेन्स्लोज स्पॅरो, बॉबोलिंक, अपलँड सँडपायपर पहिल्या वर्गात. शेताच्या कडेला, झुडपांत आणि विरळ रानातही राहणारा बॉबव्हाइट लावा किंवा कुंपणाच्या काटेरी तारेवर भक्ष्य टोचून ठेवणारा लॉगरहेड श्राइक दुसऱ्या वर्गात.

व्याख्या सुटसुटीत आहे, म्हणून टिकली. तिच्यावरचे आक्षेप मुख्यतः तीन बाजूंनी येतात.

एक आक्षेप असा, की 'गवताळ अधिवास' ही एक गोष्ट नाहीच. माउंटन प्लोव्हरला प्रेअरी डॉगच्या वसाहतीतली खुरटी, कुरतडलेली जमीन हवी. लाँगस्परना आखूड गवत. हेन्स्लोज स्पॅरोला उंच गवत, त्याखाली गेल्या वर्षीच्या वाळक्या काडीचा जाड थर, आणि शिवाय मोठा सलग पट्टा. लहान तुकड्यात गवत तसेच असले तरी तो येत नाही. हे सगळे एकाच प्रेअरीचे रहिवासी होते, कारण गवे, वणवे आणि प्रेअरी डॉग मिळून तिची सतत वेगवेगळी ठिगळे करत असत. सॅम्युएल फुलेनडॉर्फ आणि डेव्हिड एंगल यांनी ओक्लाहोमात केलेल्या कामातून पुढे आलेली, दरवर्षी कुरणाचा वेगळा तुकडा जाळून गुरांना मोकळे सोडण्याची पद्धत हीच ठिगळे परत आणू पाहते. या बाजूच्या अभ्यासकांना 'गवताळ पक्षी' असा सरसकट शब्द फसवा वाटतो: एकाच्या हिताचे व्यवस्थापन दुसऱ्याला हुसकावून लावते.

दुसरा आक्षेप ऋतूचा आहे. बहुतेक अमेरिकी याद्या विणीच्या हंगामावर बांधलेल्या आहेत, कारण गणना जूनमध्ये होते. बॉबोलिंक उन्हाळ्यात कुरणातला, स्थलांतरात दलदलीतला आणि एके काळी कॅरोलायनातल्या भातशेतीतला. तिथे त्याला 'राइसबर्ड' म्हणत आणि पिकाचा शत्रू म्हणून मारत. मग 'दुसऱ्या अधिवासाचा उपयोग करत नाही' हे वर्षातल्या कोणत्या महिन्याबद्दलचे विधान?

तिसरा आक्षेप हॉर्न्ड लार्कसारख्यांचा. हा पक्षी प्रेअरीत आहे, नांगरलेल्या शेतात आहे, वाळवंटात आहे आणि वृक्षरेषेच्या वरच्या टुंड्रातही आहे. त्याला गवत हवे की गवताचा अभाव, हाच प्रश्न पडावा. तरी संख्येने तो इतका मोठा आहे की त्याला आत घेतले की संपूर्ण गटाचे आकडे हलतात. आशियातून आणलेला आणि साउथ डकोटाचा राज्यपक्षी बनलेला फेझंट हे त्याहून वेगळे प्रकरण: राहणी गवतातली, पण मूळ परके. संवर्धनाच्या याद्या त्याला बाहेर ठेवतात; फेझंटच्या शिकारीवर उभ्या राहिलेल्या संघटनांनी राखलेल्या कुरणांचा लाभ मात्र देशी पक्ष्यांनाही होतो.

ग्रासपायपर

शास्त्रज्ञांच्या याद्यांत न बसणाऱ्या एका गटाला निरीक्षकांनी स्वतःच नाव दिले. 'सँडपायपर'मधली वाळू काढून तिथे गवत घातले की 'ग्रासपायपर' होतो. शब्द थट्टेत घडल्यासारखा आहे, आणि तसे शब्द अमेरिकी निरीक्षकांत पुष्कळ आहेत. ओळखायला अवघड अशा लहान सँडपायपरना ते सरसकट 'पीप' म्हणतात. पण ग्रासपायपर नुसता गमतीचा शब्द राहिला नाही. किनाऱ्यावरच्या कुळातले असूनही चिखल-वाळू सोडून आखूड गवतावर उतरणारे पक्षी, असा अर्थ त्याला आला, आणि ऑगस्टमध्ये 'आज ग्रासपायपर शोधायला निघालो' म्हटले की कुठे निघालो हेही कळते.

ते ठिकाण बहुधा सॉड फार्म असते. घरांच्या अंगणात अंथरण्यासाठी हिरवळीचे गालिचे पिकवणारी ही शेते म्हणजे मैलभर सपाट, एकसारखे कापलेले, पाणी दिलेले गवत. प्रेअरीचे हे विचित्र नक्कलरूप आहे; पण स्थलांतराच्या वाटेवर थकून उतरणाऱ्या पक्ष्याला खुरटे गवत आणि त्यातले किडे एवढेच दिसते. विमानतळ, गोल्फची मैदाने, गुरांनी चरलेली कुरणे आणि पेरणीआधीची शेतेही याच कामी येतात.

शब्दाचा अर्थ माहीत असलेल्यांतही सभासद कोण यावर मतभेद आहे. अपलँड सँडपायपर आणि बफ-ब्रेस्टेड सँडपायपर या दोघांबद्दल कोणी वाद घालत नाही. अमेरिकन गोल्डन-प्लोव्हर जवळजवळ सर्वांना मान्य आहे. कुळाने तो प्लोव्हर, म्हणजे 'पायपर' नव्हेच, पण इथे शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा पक्ष्याच्या सवयीला मान दिला जातो. बेअर्ड्स आणि पेक्टोरल सँडपायपर बहुतेकांच्या यादीत येतात, जरी दोघेही तळ्याकाठच्या चिखलातही तितकेच दिसतात. किलडीअर आणि ब्लॅक-बेलीड प्लोव्हर यांच्यापाशी मात्र फाटे फुटतात. किलडीअर आपल्या टिटवीच्या जातकुळीतला, कुठल्याही मोकळ्या जागेत, गाड्या लावायच्या खडीवरसुद्धा अंडी घालणारा. तो घेतला तर संज्ञेला धार राहत नाही, असे एक मत. सॉड फार्मवर सर्वाधिक संख्येने तोच असतो, मग त्याला वगळण्यात काय अर्थ, हे दुसरे. त्यामुळे कडक वापरात ग्रासपायपर म्हणजे गवतालाच पसंती देणाऱ्या दोन-तीन जाती, आणि सैल वापरात त्या दिवशी गवतावर दिसलेला किनाऱ्याच्या कुळातला कोणताही पक्षी. पहिला अर्थ जातीबद्दल बोलतो, दुसरा जागेबद्दल. व्हिकरींच्या अनन्य-वैकल्पिक भेदाचीच ही बोलीतली आवृत्ती म्हणता येईल.

या शब्दाची गरज का पडली ते या पक्ष्यांच्या जीवनक्रमातून कळते. बफ-ब्रेस्टेड सँडपायपर आर्क्टिकच्या टुंड्रात वीण करतो. तिथे नर एका जागी जमून पंखांची पांढरी खालची बाजू दाखवत माद्यांना बोलावतात. हिवाळा तो अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमधल्या चरलेल्या गवतात काढतो. मधल्या वाटेवर अमेरिकेची मध्य मैदाने. गोल्डन-प्लोव्हरही वसंतात टेक्सास ते इलिनॉय असा मैदानांतून वर जातो; शरद ऋतूत मात्र त्याचे बहुतेक प्रौढ पक्षी अटलांटिकवरून थेट दक्षिण अमेरिका गाठतात. म्हणजे हे पक्षी अमेरिकेत असतात तेव्हा गवतातच असतात, पण जूनमध्ये ते तिथे नसतात. विणीच्या गणनेत त्यांची नोंद होत नाही. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या गणना चिखलपट्ट्यांवर आणि खाड्यांत होतात, तिथेही ते फारसे सापडत नाहीत. अपलँड सँडपायपर प्रेअरीतच वीण करतो, म्हणून दोन्हींपैकी एका यादीत तरी आहे. बाकीचे पक्षी दोन याद्यांच्या मधल्या फटीत पडतात. ती फट दाखवणारा शब्द संशोधकांकडून आला नाही, शनिवार-रविवारी हिरवळीच्या शेताच्या बांधावर उभे राहणाऱ्यांकडून आला.

शब्दाविरुद्धचे मतही नोंदवायला हवे. त्याला निश्चित सीमा नाही, त्यामुळे नोंदींची तुलना करता येत नाही. आणि 'ग्रासलँड बर्ड'शी त्याचा सहज गोंधळ होतो. नवख्याला ग्रासपायपर म्हणजे गवतातला कोणताही पक्षी वाटू शकतो, आणि मेडोलार्क किंवा स्पॅरो त्यात मोडत नाहीत हे सांगावे लागते. औपचारिक लेखनात म्हणूनच 'आखूड गवतातले किनारापक्षी' अशी लांबलचक पण सुरक्षित रचना पसंत केली जाते.

पूर्वेकडचे गवत कोणाचे?

मध्य मैदानांत गवत मूळचे आहे याबद्दल शंका नाही. फ्रेड सॅमसन आणि फ्रिट्झ नॉफ यांच्या १९९४ च्या अंदाजानुसार १८३० नंतर उंच गवताची प्रेअरी राज्याराज्यांत ८२ ते ९९ टक्क्यांहून अधिक नष्ट झाली. स्वतःला 'प्रेअरी स्टेट' म्हणवणाऱ्या इलिनॉयमध्ये तर ती नावापुरतीच उरली आहे. ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कमध्ये प्रश्न उलटा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेतीसाठी बहुतेक जंगल कापले गेले, बॉबोलिंक आणि मेडोलार्क भरभराटले. पुढे शेतकरी पश्चिमेकडे गेले, शेते पडीक झाली, रान परत आले आणि पक्षी घटले.

एका बाजूचे म्हणणे असे, की हे पक्षी माणसाने केलेल्या कुरणांच्या मागोमाग पूर्वेला आले. जंगल हीच तिथली मूळ स्थिती असेल तर त्यांची घट म्हणजे जुनी घडी परत बसणे, आणि त्यांच्यासाठी जंगल रोखून धरणे हा उपद्व्याप. दुसरी बाजू रॉबर्ट ॲस्किन्स यांनी १९९३ पासून सातत्याने मांडली: युरोपीय येण्याआधीही पूर्वेत नैसर्गिक मोकळी जमीन होती. बीव्हरच्या बांधांमुळे झालेली कुरणे, आदिवासींनी लावलेल्या आगी, वालुकामय माळ. लाँग आयलंडवरची हेम्पस्टेड प्लेन्स ही खरीखुरी प्रेअरी होती. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने ज्या रूझवेल्ट फील्डवरून अटलांटिक ओलांडण्यासाठी उड्डाण केले ते तिच्यावरच होते. विमानतळासाठी सपाट, झाडे नसलेली जागा तिथे आयतीच मिळाली. मेनमधल्या केनेबंक प्लेन्समध्ये, जिथे व्हिकरींनी बराच अभ्यास केला, ग्रासहॉपर स्पॅरो आणि अपलँड सँडपायपर अजून आहेत.

हीथ हेन हा दोन्ही बाजूंचा साक्षीदार आहे. प्रेअरी-चिकनचा हा पूर्वेकडचा भाऊबंद. शेवटचा नर मार्थाज व्हिन्यर्ड बेटावर १९३२ च्या मार्चमध्ये दिसला. पूर्वेत मूळचा गवताळ पक्षी होता याचा पुरावा म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले जाते. त्यावर उत्तर येते, की तो शुद्ध गवतात कुठे राहत होता, खुरट्या ओकच्या झुडपांत राहत होता. म्हणजे पुरावा मान्य करायचा की नाही हे पुन्हा 'गवताळ' शब्दाच्या सीमेवर येऊन थांबते. क्रिस्टोफर नॉर्मेंट यांनी २००२ मध्ये या वादाचा आढावा घेताना मध्यममार्ग सुचवला: मूळ कोणतेही असो, पश्चिमेतला मूळ अधिवास नष्ट झाल्यावर पूर्वेकडच्या कुरणांचे मोल वाढते. व्यवहारात ही भूमिका बऱ्यापैकी स्वीकारली गेली. ऐतिहासिक प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

दख्खनच्या माळांबाबत भारतात चालणाऱ्या चर्चेशी याचे नाते दिसते. तिथेही माळ म्हणजे मोडलेले जंगल की स्वतंत्र परिसंस्था, हा प्रश्न आहे, आणि दप्तरात 'पडीक' हा शिक्का बसला की सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोकाला त्याची किंमत मोजावी लागते.

आकड्यांमागची यादी

व्याख्येचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो आकड्यांत. केनेथ रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने १९७० पासून अमेरिका आणि कॅनडात सुमारे २९० कोटी पक्षी घटल्याचे सांगितले. त्यांत गवताळ पक्ष्यांची घट सर्वाधिक होती: ३१ जाती मिळून ७० कोटींहून अधिक पक्षी, म्हणजे ५३ टक्के. 'स्टेट ऑफ द बर्ड्स' या अहवालात मात्र याच गटाची १९७० पासूनची घट २०२२ मध्ये ३४ टक्के आणि २०२५ मध्ये ४३ टक्के दिली आहे. वर्तमानपत्रांत हे तिन्ही आकडे आलटून पालटून येतात आणि वाचकाला वाटते, कोणीतरी चुकले असावे.

कोणी चुकलेले नाही. 'सायन्स'मधला आकडा पक्ष्यांची एकूण संख्या मोजतो, त्यामुळे हॉर्न्ड लार्क आणि सॅव्हाना स्पॅरोसारख्या मुबलक जातींचे पारडे त्यात जड असते. 'स्टेट ऑफ द बर्ड्स' प्रत्येक जातीच्या चढउताराची सरासरी काढतो, तिथे दुर्मिळ बेअर्ड्स स्पॅरोचे मत सॅव्हाना स्पॅरोइतकेच. शिवाय भूप्रदेश सारखा नाही. हॉर्न्ड लार्क आत की बाहेर, हा वरचा शास्त्रीय वाटणारा प्रश्न इथे थेट कोट्यवधींच्या हिशेबाचा होतो. तिन्ही आकड्यांची दिशा एकच आहे. मात्र टक्केवारी उचलताना यादी मागेच राहते, ही या क्षेत्रातली सर्वांत नित्याची ढिलाई आहे.

पर्यायी कुरणे

मूळ प्रेअरी उरली नाही तिथे पक्षी ज्या गवतात राहतात ते माणसाने वेगळ्याच कारणासाठी लावलेले असते. १९८५ च्या शेती कायद्याने 'कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम' सुरू केला: धूप होणारी जमीन शेतकऱ्याने पिकातून काढून गवताखाली ठेवायची आणि सरकारने भाडे द्यायचे. २००७ मध्ये ही जमीन सुमारे ३ कोटी ६८ लाख एकरांवर पोहोचली. धान्याचे भाव वाढले तशी नंतर घटली. हेन्स्लोज स्पॅरोने इलिनॉयमध्ये या गवताचा फायदा घेतला. इंडियाना आणि ओहायोत बुजवलेल्या कोळसाखाणींवरच्या गवतातही तो आला. मॅसॅच्युसेट्समधला वेस्टोव्हर हा हवाई दलाचा तळ न्यू इंग्लंडमधल्या अपलँड सँडपायपरचा सर्वांत मोठा आधार आहे.

यांना गवताळ प्रदेश म्हणावे का? पक्ष्याच्या वर्तनावर व्याख्या बांधणारे हो म्हणतात. वनस्पतींकडून पाहणारे म्हणतात, परदेशी ब्रोम गवताचे एकसुरी शेत आणि शेकडो देशी वनस्पतींची प्रेअरी यांना एक शब्द लावणे गैर आहे. तिसरी भूमिका पिलांच्या संख्येवर बोट ठेवते. वैरणीच्या शेतात बॉबोलिंक मोठ्या संख्येने घरटी करतो, पण आता पहिली कापणी पूर्वीपेक्षा लवकर होते आणि पिले उडण्याआधीच यंत्र फिरते. पक्षी आहेत, म्हणून गवताळ अधिवास आहे, असे मानले तर हा सापळाही अधिवासात मोजला जातो. न्यू इंग्लंडमधला 'बॉबोलिंक प्रोजेक्ट' देणगीदारांच्या पैशातून शेतकऱ्यांना कापणी लांबवण्याचा मोबदला देतो.

अनिर्णीत बाबी

अनन्य-वैकल्पिक ही विभागणी विणीच्या हंगामापुरती ठेवायची की वर्षभराच्या जीवनक्रमावर नव्याने बांधायची, यावर निर्णय झालेला नाही. हिवाळ्यात चिवावा वाळवंटातल्या गवतात जाणाऱ्या स्पॅरोंवर आणि लाँगस्परवर काम वाढत आहे आणि त्याचा रोख वर्षभराच्या व्याख्येकडे आहे. जातींच्या याद्याही स्थिर नाहीत: २०२२ मध्ये नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी गवतातला चिवावन मेडोलार्क ही स्वतंत्र जात मानली गेली आणि यादीत एकाची भर पडली. गवताळ प्रदेशांच्या संवर्धनासाठी एक विधेयक २०२२ मध्ये सिनेटमध्ये मांडले गेले, पण ते कायद्यात उतरले नाही.

नावांचा प्रश्नही नव्याने उघडला आहे. कॉन्फेडरेट सेनापती जॉन मॅकाउन याच्या नावाचा लाँगस्पर २०२० मध्ये 'थिक-बिल्ड लाँगस्पर' झाला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने व्यक्तींवरून पडलेली सगळीच इंग्रजी पक्षीनावे बदलण्याचा निर्णय जाहीर केला. गवतातल्या पक्ष्यांत अशी नावे बरीच आहेत: हेन्स्लो, स्प्रॅग, कॅसिन, लेकाँट. स्मिथसोनियनच्या स्पेन्सर बेअर्ड यांचे नाव तर दोघांना आहे. बेअर्ड्स स्पॅरो हा उत्तर प्रेअरीतला अनन्य गवताळ पक्षी, बेअर्ड्स सँडपायपर हा बहुतेकांच्या मते ग्रासपायपर. दोघांचीही नवी नावे ठरायची आहेत.